टेबल सॉ घ्या, पण पाचरीसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र सरले की घरसजावटीच्या पानांवर आपले फर्निचर आपणच करा, अशा धर्तीचे मजकूर येऊ लागतात. सोबत बहुधा टेबल सॉचे छायाचित्र असते: टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते आणि त्याकडे फळी ढकलणारे हात. पात्यावर झाकण नाही, पात्यामागे पट्टी नाही, हात जेमतेम वीतभर अंतरावर. दुकानात यंत्र दाखवतानाही झाकण पुष्कळदा काढून ठेवलेले असते, कारण त्याशिवाय गिऱ्हाइकाला काप नीट दिसत नाही. घरी आल्यावर मग ते झाकण खोक्यातच राहते. बडोद्यात हौसेने लाकूडकाम करणारी मंडळी पुष्कळ आहेत. लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेले संखेडा ज्या गावाच्या इतक्या जवळ, तिथे ही आवड असणे साहजिकच आहे. म्हणून या यंत्राविषयी थोडे तपशिलाने लिहीत आहोत.

स्वस्त यंत्राला नाक मुरडण्याचे कारण नाही. १० इंची पाते, दीड ते दोन हजार वॉटची ब्रशवाली मोटर, वीस-पंचवीस किलो वजन आणि ॲल्युमिनियमचे सुमारे दोन फुटी टेबल. एवढ्यात शेल्फ, स्टूल, देव्हारा, कपाटाच्या चौकटी सगळे होते. महाग यंत्राशी तुलना केली तर फरक असतो तो फळीला दिशा देणाऱ्या पट्ट्यांच्या अचूकपणात आणि टेबलाच्या भारदस्तपणात. त्यातला बराचसा एक दुपार खर्चून भरून काढता येतो. भरून काढता येत नाही अशी गोष्ट एकच: पात्यामागची पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

ही पट्टी नेमके काय करते, हे सांगणारे फार थोडे भेटतात. १० इंची पाते मिनिटाला ४५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर दात्यांचा वेग सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २१५ किलोमीटर होतो. आपल्या बाजूचे दाते लाकूड खाली टेबलावर दाबत कापतात. पलीकडच्या बाजूचे दाते मात्र खालून वर येत असतात. कापून पुढे गेलेली चीर मागे मिटली, किंवा फळी जराशी तिरकी होऊन त्या मागच्या दात्यांना टेकली, की दाते तिला उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या पोटाकडे भिरकावतात. हाच किकबॅक. बोटे जातात तीही पुष्कळदा याच क्षणी. ज्या फळीवर हाताचा जोर होता ती एकाएकी निघून जाते आणि हात रिकामा पुढे सरकतो.

चीर मिटते, कारण लाकडात ताण असतो. गाठीजवळचे, बाकदार वाढलेल्या झाडाचे किंवा नीट न वाळलेले लाकूड फाडले की दोन्ही भाग एक तर फाकतात नाही तर एकमेकांकडे झुकतात. श्रावणात लातीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, आणलेले लाकूड घरी चार आठवडे न ठेवता लगेच फाडायला घेतले तर हे हमखास दिसते. हाताच्या करवतीने ओंडके फाडणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. करवत आवळली जाऊ नये म्हणून ते चिरेत पाचर ठोकत आणि काम पुढे सरकेल तशी पाचरही पुढे नेत. रायव्हिंग नाइफ ही तीच पाचर. पाते वर-खाली केले की तीही वर-खाली होते आणि फळी मागच्या दात्यांपर्यंत पोचू देत नाही.

तिची जाडी तिच्यावरच कोरलेली असते, २.२ मिमी किंवा त्याच्या आसपास. पात्याच्या पत्र्याची जाडी यापेक्षा कमी हवी आणि दात्यांची रुंदी यापेक्षा जास्त. उदाहरणार्थ पत्रा १.८ आणि दाते २.६ मिमी असतील तर २.२ ची पट्टी मधोमध बसते. पाते नवीन घेताना हा हिशेब चुकला तर दोन प्रकारे फजिती होते. दाते पट्टीपेक्षा बारीक निघाले तर फळी पट्टीपाशी येऊन अडते. अनेक जण तिथे पट्टीलाच दोष देतात आणि ती काढून टाकतात, जेव्हा बदलायला हवे असते पाते. उलट बाजारात सहज मिळणारे ३.२ मिमी दात्यांचे जाड पाते लावले तर दर कापाला जास्त लाकूड भुसा होते, छोटी मोटर दमते, फळी हळू सरकते आणि कडा जळतात. पट्टी आणि दाते यांत ३ ते ८ मिमी अंतर ठेवावे. तिचे टोक पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असावे, म्हणजे अर्धवट खोलीची खाच मारतानाही ती काढावी लागत नाही, फक्त वरचे झाकण उतरवावे लागते. जुन्या धाटणीच्या यंत्रात पट्टी स्थिर असते आणि पात्यापेक्षा उंच जाते. खाच मारायला ती काढली की परत बसवायचा कंटाळा येतो, आणि मग ती कायमची फळीवर पडून राहते. खरेदीच्या वेळी पाते वर-खाली फिरवून पट्टी सोबत हलते का, हे डोळ्यांनी पाहावे.

याच कारणासाठी ४ इंची मार्बल कटर, म्हणजे फरशी कापायचे हातयंत्र, प्लायच्या पेटीत उलटा बसवून केलेल्या टेबल सॉला आमचा स्पष्ट विरोध आहे. हा प्रकार फार पसरला आहे. कटरची मोटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते, मागे पट्टी बसवायची सोय नसते, काप जेमतेम सव्वा इंच खोल जातो आणि बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवलेले असते. वीज गेली, माणूस वाकून तुकडा उचलायला लागला आणि वीज परत आली, तर पाते आपोआप सुरू होते. खऱ्या टेबल सॉचे चांगले स्विच अशा वेळी बंदच राहतात, पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. घेताना हीही परीक्षा करावी: यंत्र चालू असताना प्लगचे बटण बंद करून परत लावले तर ते सुरू होता कामा नये. कटरएवढेच पैसे असतील तर हातात धरायची सर्क्युलर सॉ आणि एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. दोन शिकंज्यांनी पट्टी प्लायवर आवळून तिच्या कडेने कापले तर काम सरळ येते.

आता त्या एका दुपारविषयी. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवावा आणि मगच हात लावावा. पहिले काम, पाते टेबलावरच्या मायटरच्या खाचेला समांतर करणे. आडवा काप घेताना फळीला आधार देत पुढे सरकणारा मायटर गेज याच खाचेत बसतो. पाते पूर्ण वर घ्या आणि एका दात्यावर पेनाने खूण करा. मायटर गेजला लाकडाचा ठोकळा शिकंज्याने आवळा, ठोकळ्याच्या टोकात पितळी स्क्रू पिळा, आणि खूण केलेला दाता पुढच्या बाजूला असताना स्क्रूचे डोके त्याला निसटते लागेल इतके बाहेर घ्या. पाते हाताने किंचित मागे-पुढे केले की बारीक खरखर ऐकू येते. आता तोच दाता मागच्या बाजूला न्या आणि गेजही तिथवर सरकवा. तशीच खरखर आली तर समांतर आहे. दाता रुतला किंवा मध्ये फट राहिली तर नाही. फट मोजायला मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे फिलर गेज पुरते. फरक ०.१ मिमीच्या आत, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा, आणावा. टेबलाखाली पात्याचा सांगाडा धरणारे बोल्ट असतात. ते ॲलन कीने किंचित सैल करून लाकडी हातोडीचा हलका ठोका दिला की सांगाडा सरकतो. बोल्ट आवळताना तो पुन्हा हलतो, म्हणून आवळल्यावर परत तपासावे. दोन-तीन फेऱ्या होतातच, त्यात वैतागण्यासारखे काही नाही. तोच दाता दोन्हीकडे का, तर स्वस्त पाते जरासे वाकलेले असते. वेगवेगळे दाते धरले तर पात्याचा बाक आणि यंत्राचा तिरकेपणा यांची गल्लत होते.

त्यानंतर फेन्स, म्हणजे बाजूची सरकती पट्टी, त्याच खाचेला समांतर करावी. स्वस्त यंत्राची फेन्स कुलपासारखी आवळताना मागचे टोक हलवते. म्हणून तिला आधी पुढून दाबून धरावे, मग आवळावे, आणि माप फेन्सवरच्या छापील पट्टीवर न वाचता दात्यापासून टेपने पुढे व मागे दोन्हीकडे घ्यावे. मागे कागदाएवढी सैल राहिली तर चालेल, आवळलेली मुळीच नको, कारण मग फळी फेन्स आणि मागच्या दात्यांत चिमटली जाते. रायव्हिंग नाइफ पात्याच्या ओळीत आहे का, हे सरळ पट्टी पात्याच्या दोन्ही अंगांना टेकवून पाहावे.

काटकोन गुण्याने पाहण्यापेक्षा कापून पाहणे बरे. अडीचेक इंच रुंद, दोन्ही कडा सरळ असलेली फळी उभी धरून मायटर गेजने कापा. मग एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली तोंडे एकमेकांना भिडवा आणि उजेडाकडे धरा. वर किंवा खाली फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही लपत नाही. मायटर गेजची पट्टी खाचेत डुगडुगत असेल तर तिच्या कडेला सेंटर पंचने चार-सहा ठोके द्यावेत. धातू फुगून डुगडुग जाते.

यंत्र नीट लागले आहे की नाही हे पुढे रोज कापलेली कडाच सांगते. तिच्यावर तिरका उजेड पाडून पाहावे. कमानीसारख्या फिकट रेषा एकाच दिशेने असतील तर ठीक. दोन दिशांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील तर मागचे दातेही लाकूड खात आहेत, पाते पुन्हा समांतर करायला हवे. फेन्सकडच्या कडेवरच जळका पट्टा उमटला तर फेन्स मागून आवळली आहे. दोन्ही कडा जळल्या तर पाते बोथट किंवा चिकट आहे, किंवा फळी मध्येच थांबवली गेली. चिकट पाते पुष्कळदा बोथट समजून टाकून देतात. ते कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटे ठेवावे, जुन्या टूथब्रशने दाते घासावेत, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. एवढ्याने ते पुन्हा कापू लागते.

यंत्रासोबत येणारे पाते बहुधा कामचलाऊ असते. पैसे वाचवायचे तर यंत्रात वाचवावेत, पात्यात नको. धाग्याच्या दिशेने लाकूड फाडायला २४ दाती, सर्वसाधारण कामाला ४० दाती, आणि प्लाय किंवा सनमायका लावलेल्या बोर्डाला ६० ते ८० दाती. २४ दाती पात्याने सनमायका कापला की त्याच्या कडेला टवके उडतात, आणि ८० दाती पात्याने सव्वा इंची साग फाडायला घेतला की धूर निघतो. दोन्हीत यंत्राची काहीच चूक नसते. आधी एक ४० दाती घ्यावे आणि प्लायचे काम निघेल तेव्हा दुसरे. भोक ३० मिमी आहे की २५.४, हे यंत्राच्या दांड्यावर मोजून मगच दुकानात जावे. पात्यावर लिहिलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत.

टेबल सॉवर सनमायकाची चांगली बाजू वर ठेवावी. हातात धरायच्या करवतीवर खाली. तरीही खालच्या बाजूने टवके जातात ते पात्याभोवतीच्या रुंद फटीमुळे, कारण तिथे लाकडाला खालून आधार नसतो. फटीवरचे झाकण काढून त्याच मापाचा अरुंद फटीचा तुकडा घरी करता येतो. स्वस्त यंत्रात या झाकणाची बैठक काही मिलिमीटरच खोल असते. म्हणून १२ मिमी प्लाय घेतला तर कडा खालून रंध्याने किंवा पटाशीने उतरवाव्या लागतात. पाते अगदी खाली नेले तरी कित्येक यंत्रांत ते नव्या तुकड्याला खालून टेकते. अशा वेळी खालच्या बाजूला आधी उथळ चर करून घ्यावा, तुकडा वरून लाकडाच्या पट्टीने आणि शिकंज्यांनी दाबून ठेवावा आणि मग यंत्र सुरू करून पाते सावकाश वर आणावे. हात वर ठेवू नये. रायव्हिंग नाइफसाठी मागे चीर वाढवायला विसरू नये, नाहीतर नवीन झाकण बसवले आणि पाचर काढली, असा उलटा प्रकार होतो.

पूर्ण शीट छोट्या यंत्रावर घेऊ नये. ८ बाय ४ फुटांची १९ मिमी प्लाय ३५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे यंत्रापेक्षा जड. टेबल कलंडते किंवा शीट फेन्सपासून सुटते. दुकानातच तिचे मोठे तुकडे करून घ्यावेत आणि त्या कापाला अर्धा इंच जादा ठेवावे. खाच मारताना प्लायची जाडी बिलावरून धरू नये. प्रत्यक्ष तुकडा मोजावा, कारण १८ मिमी म्हणून मिळालेला बोर्ड पुष्कळदा तितका भरत नाही.

जुन्या शहराच्या चार दरवाजांच्या आतल्या जुन्या घरांतून निघालेला साग बडोद्यात अजून मिळतो आणि त्याच्या वाळलेपणाला तोड नाही. पण त्यात चौकोनी खिळे, तुटलेल्या बिजागऱ्यांचे स्क्रू आणि चुन्यात अडकलेली वाळू असते. तारेच्या ब्रशने घासून, लोहचुंबक फिरवून, तुटके खिळे खोदून काढल्यावरच तो पात्याला द्यावा. एका खिळ्याने कार्बाइडचे चार दाते उडू शकतात, आणि ते उडतात कुठे याचा नेम नसतो. साग मुळातच सिलिकामुळे पात्याची धार लवकर घेतो. त्याची बारीक धूळ कित्येकांच्या कातडीला खाज आणते. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावावा, आणि यंत्राच्या मागच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप जोडावा.

हाताविषयी. पात्याची उंची लाकडापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त, तेवढीच. पात्याच्या सरळ मागे उभे न राहता डाव्या अंगाला राहावे. हात पात्यापासून सहा इंचांच्या आत आणू नये. त्याच्या आत ढकलकाठी. ती १८ मिमी प्लायच्या तुकड्यातून निघते: फूटभर लांब, खाली सपाट आणि मागच्या टोकाला पाव इंचाची टाच, जी फळीच्या शेपटाला अडकते. फेन्स आणि मायटर गेज दोन्ही एकदम वापरू नयेत. कापलेला तुकडा मध्ये अडकून उडतो. एकाच मापाचे बरेच तुकडे हवे असतील तर फेन्सच्या पुढच्या भागाला ठोकळा आवळावा, त्याला टेकवून माप घ्यावे आणि मगच ढकलावे, म्हणजे पात्यापाशी तुकडा मोकळा राहतो. यंत्र बंद केल्यावर पाते थांबेपर्यंत भुसासुद्धा हाताने सारू नये. हातमोजे घालू नयेत, ते बोट आत ओढतात. मनगटावरचा दोरा, कडे, बांगड्या, ओढणी, लांब बाह्या हे सगळे आधी उतरवावे किंवा बांधावे. चश्मा आणि कानाला मफ लावावेत. आणि दुपारी दोन ते चार शेजाऱ्यांना झोपू द्यावे, या यंत्राचा आवाज भिंतीतून जातो.

विजेचे थोडक्यात: १८०० वॉटला चालताना ८ अँपिअर लागतात आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि २.५ चौरस मिमीची तीन तारांची एक्स्टेन्शन, तीही गुंडाळी पूर्ण उलगडून. मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर हे यंत्र चालवले की विजेचा दाब उतरतो, मोटर कण्हते आणि वायर तापते.

जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट खास बडोद्याची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी कित्येक तळमजल्यांत शिरले. पुरात राहिलेले यंत्र बाहेरून पुसून चकचकीत दिसू शकते. प्लग काढून पाते हाताने फिरवावे. बेअरिंगमध्ये वाळू गेली असेल तर ती बोटांना कळते. टेबलाखाली टॉर्च मारून उंची वाढवायच्या स्क्रूचे आटे पाहावेत, गाळ तिथे हटकून राहतो.

आपल्याकडे एवढेच मागणे की घरकामाच्या पानावर या यंत्राचे छायाचित्र छापताना झाकण आणि पट्टी जागेवर असलेलेच निवडावे आणि ढकलकाठी हातात दिसावी. शहरातल्या दुकानदारांनाही विनंती आहे. यंत्र विकताना रायव्हिंग नाइफ बसवून द्यावी, आणि बिलावर तिची जाडी व पात्याच्या भोकाचे माप लिहून द्यावे, म्हणजे पुढचे पाते घेताना गिऱ्हाईक ते बिल घेऊनच येईल.

आपले,
घरी सुतारकाम करणारे काही वाचक,
बडोदे